चुन्यासाठी राखलेली ताकद

गुड फ्रायडेची मिरवणूक इलोइलो शहरातल्या हॉस्पिटलमागून चालली होती, तेव्हा मिरवणुकीतल्या शिक्षिका फिलोमेना मॅडमचं क्रिस्पुलोकडे पहिल्यांदा लक्ष गेलं. मागच्या दारातून तो बाहेर आला तो केसांपासून पायांपर्यंत पांढरा. कुणीतरी प्रायश्चित्त म्हणून राख फासून आलंय असं समजून बायका अदबीने बाजूला सरल्या.

"राख नाही मॅडम, चुना आहे," तो ओशाळून म्हणाला. "आज ऑपरेशनं नसतात, म्हणून आजच मशीन उघडायला मिळतं."

मग दर गुड फ्रायडेला मॅडम नारळाच्या दुधात शिजवलेली रताळी घेऊन त्या दाराशी जाऊ लागल्या. तेव्हा त्यांना कळलं, की विहिरीच्या पाण्याचा चुना किटलीत बसतो तसाच चिलरच्या, म्हणजे सगळं हॉस्पिटल थंड ठेवणाऱ्या त्या मशीनच्या, नळ्यांतही बसतो आणि मग मशीनला उष्णता बाहेर टाकता येत नाही. हा थर बसणार हे धरूनच मशीन गरजेपेक्षा मोठं घेतलेलं असतं. पण क्रिस्पुलो नळ्या अशा घासायचा, की ती जादा ताकद कधी लागायचीच नाही.

"घरची एक कढई अशी घासलीस तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन," त्याची बायको आदेला म्हणायची.

एका वर्षी हॉस्पिटलचे व्यवस्थापक तिथे आले. नवी इमारतही याच मशीनवर चालेल का, असं त्यांनी विचारलं.

"चालेल की सर. अर्धं मशीन तर झोपलेलंच असतं," क्रिस्पुलो म्हणाला. मॅडमनाही त्याचं कौतुक वाटलं.

नवी इमारत उभी राहिली. तिच्या खिडक्या उघडत नव्हत्या, त्यामुळे मशीन बंद ठेवायला दिवसच उरला नाही. पुढच्या गुड फ्रायडेला क्रिस्पुलोने परवानगी मागितली. मशीन चालतंय ना, मग पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

त्या उन्हाळ्यात आदेलाला अर्धांगवायूचा झटका आला. तिला नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर ठेवलं होतं. त्याच आठवड्यात मशीन भर दुपारी बंद पडलं. चालू केलं की पुन्हा बंद. शेवटी ते उघडावंच लागलं. चुना दगडासारखा झाला होता, ब्रशला दाद देईना. वर मॅडम पुठ्ठ्याने आदेलाला वारा घालत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ती तशीही फार दिवस काढणार नव्हती, असं डॉक्टर म्हणाले.

मॅडम खाली सांगायला गेल्या. क्रिस्पुलोने ऐकून घेतलं, पण हातातली सळई खाली ठेवली नाही.

"थोड्याच नळ्या राहिल्यात, मॅडम. वर बाकीचे पेशंट आहेत." बराच वेळ घासून झाल्यावर तो म्हणाला, "झोपलेलं असतं, असं मीच बोललो होतो."

त्याला कुणीही दोष दिला नाही. हॉस्पिटलने आणखी एक मशीन घेतलं.

क्रिस्पुलो आता ओतोन गावात मुलीकडे राहतो. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकतो, दुपारी ओसरीवर बसतो. हॉस्पिटलवरून जाणाऱ्या जीपमध्ये तो बसत नाही.