क्लॅडचं पान

“थांबा, मूळ पाहू,” असं म्हणत ते कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि इंग्रजी कोश उघडायचे. आमच्या लहानशा कोर्टात ते भाषांतरकार, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. एका शब्दापायी अर्धी सकाळ घालवणारा असा माणूस तुमच्याही कचेरीत असेलच. कागद अडून राहायचे, पण त्यांच्यावर रागावणं काही जमायचं नाही.

‘क्लॅड’ हा त्यांचा लाडका शब्द. म्हणजे वस्त्र ल्यालेला. जुन्या इंग्रजीतला, कापडाला क्लॉथ म्हणतात त्याच घरचा. बोलण्यात त्याची जागा आता ‘क्लोद्ड’ने घेतली, हा जुना गडी पुस्तकांत उरला. लोखंडी पत्रा चढवलेलं लढाऊ जहाजही ‘आयर्नक्लॅड’च, हे त्यांनी मला रेवसच्या धक्क्यावर भर उन्हात उभं करून सांगितलं होतं. अंगावर किती कापड आहे हे तो शब्द विचारत नाही, असंही वर म्हणाले होते.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. मिठागराच्या पहारेकऱ्याला मारहाण केल्याचा आळ एका कोळ्याच्या जवान मुलावर आला. मुलगा त्या दिवशी आपल्याबरोबर होडीवर होता, हे सांगायला बाप आला. कमरेला कोळ्यांचा तिकोनी रुमाल, अंगात बंडी, डोक्याला टोपी. मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याच्या उघड्या मांड्या पाहिल्या आणि इंग्रजीत हुकूम लिहवला: साक्षीदार ‘अनक्लॅड’, सबब साक्ष घेतली नाही.

मी भाषांतरकारांकडे पाहिलं. त्यांचा हात कोशावर गेला आणि तिथेच थांबला. पेन्शनीला चार महिने उरले होते. मान खाली घालून त्यांनी हुकुमाचं मराठी केलं. मुलाला सहा महिन्यांची सजा झाली. मीही गप्पच बसलो होतो, त्याची लाज अजून वाटते.

पुढच्या रविवारी कोश काखोटीला मारून ते त्या कोळ्याच्या दारी गेले, मलाही नेलं. म्हातारा अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. यांनी शब्द वाचून दाखवला, मूळ सांगितलं. रुमाल नेसलेला माणूस वस्त्र ल्यालेलाच असतो, चूक साहेबांची झाली, असं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मंग तवा का न्हाय बोललास?”

त्यांनी कोश मिटला. ‘मूळ पाहू’ मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

पेन्शन घेतल्यावर वर्षभरात ते गेले. कोश माझ्याकडे आला. कुठलाही शब्द शोधायला उघडा, आधी क्लॅडचंच पान पुढे येतं.