सिंधू नऊवारी शिकवते

सिंधूच्या तोंडून 'हो' फार पटकन निघतं. झाशीतल्या ओरछा गेटजवळच्या छोट्याशा नगर-संग्रहालयाला स्वयंसेवक हवेत असं कानावर आलं, तेव्हाही तिनं आधी होकार दिला आणि काम काय ते मागाहून विचारलं. पोस्टातली नोकरी संपून वर्ष झालं होतं, घरात जीव रमत नव्हता. इथे मात्र ती खुलली. शाळेची मुलं आली की जुनी कुलुपं, पितळी समया, दगडी जातं दाखवताना ती इतकी रंगात यायची की मुलं बसमध्ये चढायला तयार नसत.

संग्रहालय सांभाळणारी कश्मिरा तरुण होती. तिच्या घरी मराठी समजायची सगळ्यांना, धड बोलायचं कुणीच नाही. एक दिवस ती म्हणाली, "आंटी, रविवार को मेळावा आहे. नऊवारी कसं नेसतात ते तुम्ही शिकवाल ना? आपको तो आता ही होगा!"

"हो, त्यात काय!" सिंधू म्हणाली.

घरी येताना रिक्षात तिच्या लक्षात आलं की आपण जन्मात नऊवारी नेसलेलो नाही. आजी नेसायची, आई पाचवारीवर आली आणि सिंधूची सगळी नोकरी सलवार-कमीजमध्ये गेली. मग खोलीचं दार लावून, मोबाइल उशीला टेकवून तिचा अभ्यास सुरू झाला. मोबाइलमधली बाई डोळ्याचं पातं लवतं तोवर कासोटा खोचून मोकळी व्हायची. सिंधू त्याच कासोट्यात अडखळून पलंगावर पडायची आणि एकटीच खिदळायची. शेवटी लुगडं अंगावर टिकू लागलं, पण जागचं हललं नाही तरच. "चालायचं कशाला? उभ्या उभ्या शिकवीन," तिनं स्वतःची समजूत घातली.

तिचे यजमान गजाननराव मूळचे मिरजेचे. सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी लागली म्हणून झाशीला आले आणि इथलेच झाले. माणूस अबोल. रविवारी त्यांनी मागून आणलेल्या लुगड्यांची पिशवी संग्रहालयात पोचवली आणि मागच्या रांगेत पेपर उघडून बसले.

चार-दोन बायका येतील असं वाटलं होतं. आलं अख्खं ओरछा गेट! आयाबाया, कॉलेजच्या मुली, नव्या सुना, सगळं अंगण भरलं. सिंधू चौथऱ्यावर चढली, गाठ मारली, निऱ्या केल्या, कासोटा खोचला. टाळ्या पडल्या.

"अब चलके दिखाओ, अम्मा!" कुणीतरी ओरडलं.

सिंधूनं दोन पावलं टाकली आणि कासोटा सुटून मागे शेपटासारखा लोंबू लागला.

"अरे, जो का हो गओ!" पुढच्या रांगेतली म्हातारी बुंदेलीत किंचाळली.

सिंधूचे कान तापले. तिनं वळून ते शेपूट पाहिलं, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. सलवारीवर लुगडं गोळा करून ती खालीच बसली. अंगणही लोटपोट झालं.

तेवढ्यात गजाननराव पेपरची घडी करून चौथऱ्यावर आले. चपला काढल्या. "गाठ सैल मारलीस. बघ इकडे."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

त्यांनी पिशवीतलं जांभळं लुगडं उचललं आणि पँटवरच नेसायला घेतलं. गाठ, पदर, निऱ्या, कासोटा, हात कुठे अडलाच नाही. मग ते चालले, बसले, उठले, गिरकी घेतली आणि पदर सावरून असा काही तिरका कटाक्ष टाकला की मुलींनी शिट्ट्याच मारल्या.

सिंधूचा आ वासलेला. "कुठं शिकलात हे?"

"कंपनीच्या कॉलनीतला गणपती. आम्ही सगळे ब्रह्मचारी. नाटकात नायिका कोण होणार? मीच व्हायचो."

"आणि मला इतक्या वर्षांत पत्ता नाही?"

"आधी सांगितलं असतं, तर तुझ्या वडिलांनी मुलगी दिली असती का?"

मग शिकवणी अशी रंगली म्हणता! गजाननराव नेसवून दाखवत, सिंधू त्याचं झणझणीत हिंदी करून सांगे. शेजारच्या वरातवाल्यांकडून कश्मिरानं ढोल बोलावला. सिंधूनं नवऱ्याचे हात धरले आणि दोघांनी फुगडी घातली. म्हातारी आपल्या सुनेला ओढून मध्ये घुसली. कश्मिराच्या निऱ्या तीनदा सुटल्या, तरी ती थांबेना.

मेळावा आटोपला तेव्हा कळलं की फुगडीनं गजाननरावांची गाठ अशी आवळली होती की सुटता सुटेना. "राहू दे, घरी जाऊन बघू," म्हणत त्यांनी तशीच स्कूटर काढली. मागे सिंधू, तीही नऊवारीत. इलाइट चौराह्याला सिग्नल लागला आणि आजूबाजूचे सगळे मोबाइल त्यांच्याकडे वळले. सिंधूनं पदरात तोंड लपवलं.

"हात हलव की," गजाननराव म्हणाले, आणि स्वतःच जांभळा पदर खांद्यावर टाकून त्यांनी चौराह्याला नमस्कार केला.