विचारणारी ओळ

अध्यक्षांचं बोट मजकूर वाचण्याआधीच एंटर दाबत होतं. त्यांच्या धर्मादाय दवाखान्यातल्या संगणकावर मी रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्रॅम बसवून दाखवत होते. तो आपोआप बसावा म्हणून मी लिहिलेली स्क्रिप्ट एका जागी थांबून विचारायची, 'जुन्या नोंदी सापडल्या. पुसायच्या का?' तिथे नुसतं एंटर चालत नसे. 'पुसा' असं पूर्ण लिहावं लागे.

"हे काढा," अध्यक्ष म्हणाले. "मशीनने मला प्रश्न विचारायचे नाहीत."

"सर, नोंदी गेल्या तर परत मिळणार नाहीत."

"काढा म्हटलं ना."

मला त्या बोटाची मनापासून चीड आली. ज्याला आयुष्यात कुणी अडवलेलं नसतं, त्याला साधा प्रश्नही उद्धटपणा वाटतो. अशी माणसं घरात कुणाला विचारत नाहीत आणि सभेत हात वर व्हायची वाट पाहत नाहीत. मी ओळ काढली नाही. त्यांनी मला काढलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दुसऱ्या कुणाकडून तरी त्यांनी तो प्रश्न काढून घेतला होता, आणि प्रोग्रॅम पुन्हा बसवताना स्क्रिप्टने न थांबता सगळं पुसलं होतं.

"तुमच्या स्क्रिप्टने घात केला," ते म्हणाले.

"ती विचारत होती, सर," एवढंच बोलून मी फोन ठेवला.

दुपारी मी दवाखान्यात डोकावले. नर्सबाई एका म्हातारीला विचारत होत्या, "आजी, तुम्हाला कुठलं औषध सोसत नाही?"

"मला कुठलं नाव आठवतंय," म्हातारी म्हणाली. "तुमच्याकडं लिहून ठेवलंय की, बाई."