कोऱ्या लोकरीचा ससा

शनिवार, १८ डिसेंबर १९५४. दुपारी साडेतीन वाजता मी डोंबिवलीला धाकट्या बहिणीच्या बिऱ्हाडी पोहोचलो आणि पिशवीतून स्वेटर काढून तिच्या मुलासमोर धरला. निळी लोकर, छातीवर पांढरा ससा. मुलाने सशाच्या कानावर बोट ठेवले. बहीण जागची हलली नाही.

तिची आधीची दोन मुले वर्षाच्या आत गेली होती. म्हणून या तिसऱ्याचे नाव मुद्दाम कुरूप ठेवले होते, नाक टोचले होते, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत त्याच्या अंगावर कोरे वस्त्र घालायचे नाही, असे तिच्या सासूबाईंनी ठरवले होते. जिचे एकही मूल गेलेले नाही, अशा बाईकडून मागून आणलेले जुने कपडेच तो घाली. मूल काळाच्या डोळ्यांत भरू नये, हा हेतू. मला ही प्रथा ठाऊक होती, मान्य नव्हती. मूल दीड वर्षाचे होते, खोकल्याने घुसमटत होते, आणि मागून आणलेली सुती झबली विरून गेली होती.

विणायला मी युद्धात शिकलो. पाय मोडून लष्करी इस्पितळात पडलो असता तिथे हात रिकामे ठेवू देत नसत. हा ससा मी ठाण्याच्या खोलीवर चौकटीच्या कागदावर आखला होता. एका चौकटीला एक टाका. रंग बदलताना दोन्ही धागे मागून एकमेकांत अडकवावे लागतात, नाहीतर चित्राच्या कडेला भोके पडतात. कडा नीट आल्या होत्या.

"दादा, लोकर नवी आहे?" बहिणीने विचारले.

"दुकानातून आणली. दुसरी कुठून आणणार?"

"मग नको."

"मूल गारठतंय तुझं."

"दोन पुरलीत मी. तू नुसतं विणलंस."

मी स्वेटरची घडी घालू लागलो.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. स्वेटर उलटा करून त्यांनी मागचे धागे पाहिले. "हात चांगला आहे हो तुमचा. बायकांना लाजवलंत," म्हणाल्या, आणि तोडगा सांगितला. "शेजारणीच्या धाकट्याला घालू दे घटकाभर. मग हिने पदर पसरून मागून आणावा. मागून आणलेलं कोरं राहत नाही."

शेजारणीचा नवरा मिठागरावर कामाला होता. मुले पाच, पाचही धडधाकट. तिने हसत स्वेटर घेतला आणि धाकट्याला चढवला. "बघा, साहेब झाला माझा!" ते पोर सशाला थापट्या मारत ओटीवर धावत सुटले.

दिवेलागणीच्या आधी बहीण तिच्या दारात उभी राहिली. मी मागे होतो. बहिणीने पदर पसरला. "माझ्या लेकरासाठी वस्त्र द्या."

शेजारणीने एव्हाना विचार केला असावा. तिने पोराला जवळ ओढले.

"वहिनी, पोरांनी टाकलेलं मागा, देते. आजवर दिलं का नाय? पण याच्या अंगावरचं गरम गरम उतरवून नाय द्यायची मी. तुमच्याकडं दोन गेलीत. माझ्या पोराची ऊब तिकडं कशी धाडू?"

"स्वेटर आमचा आहे," मी म्हणालो.

"मग न्या. काढा तुमच्या हातानं."

मी पुढे झालो. बहिणीने माझा दंड धरला. हिसकावून आणलेले मागून आणलेले होत नाही, हे तिला बोलून दाखवावे लागले नाही. रिकामा पदर तिने खांद्यावर घेतला.

घरात मूल खोकत होते. सासूबाई त्याची पाठ चोळत होत्या. त्यांनी आमचे रिकामे हात पाहिले. मग त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली.

"ती गळपट्टी किती वर्षांची?"

"दहाएक."

"हिची लोकर चालेल," त्या सुनेला म्हणाल्या.

"अहो आई, पण दादाला मूल कुठे आहे?"

"तेच म्हणते. झालंच नाही, तर गेलेलं कुठून असणार?"

बहीण माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने पदर पसरला. मी गळपट्टी काढून त्यात टाकली. ती तिने मुलाच्या डोक्याला लावली आणि उसवायला परत माझ्या हातात दिली.

सुया पिशवीत होत्याच. कंदील जवळ ओढून मी गळपट्टी उसवली, दोऱ्याने मुलाच्या छातीचे माप घेतले आणि त्या मापाने टाके घातले.