ठिपक्यांच्या स्कार्फचा पाठलाग

आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये माझ्याशी सगळ्यात जास्त गप्पा फ्रीज मारायचा. नवऱ्याला कंपनीनं अमेरिकेला धाडलेलं आणि सतरा वर्षांची रेवा खोलीचं दार लावून बसलेली. येरवड्याच्या कैद्यांनासुद्धा याहून जास्त बोलायला मिळत असेल!

एका रविवारी दार उघडलं.

"पिक्चरला चाललेय."

"कुठल्या गं?"

"घरच्यांना वैतागलेल्या पोरांचा आहे. तुला नाही कळणार."

"कोणाबरोबर?"

"आई, प्लीज!"

झालं! मीही तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटी काढली. पोर कुणाबरोबर बसते, कळायला नको? पण सिंहगड रोडच्या सिग्नलला बघते तर काय, डोळे सोडून सगळं झाकलेल्या डझनभर मुली! (पुण्यात सख्खी आईसुद्धा गाडीवरची मुलगी स्कार्फवरूनच ओळखते.) त्यात रेवाचा निळा, ठिपक्यांचा स्कार्फ दिसला आणि तो मी थेट थिएटरपर्यंत सोडला नाही.

आत अंधार. एसी असा गार की तिनं स्कार्फ तसाच ठेवलेला. शेजारची खुर्ची रिकामी. एकटीच आलीये पोर! गुपचूप शेजारी जाऊन बसले. पडद्यावरची आई बंद दारावर थापा मारायला लागली आणि मी पोरीचा हातच धरला.

"मीपण एकटीच असते गं," मी कुजबुजले. "तू दार लावतेस ना, मी बाहेर उगाच भांडी आपटते. ओरडायला तरी बाहेर येशील म्हणून!"

तिनं हात घट्ट धरला. मुसमुसायला लागली. मागून आवाज आला, "मॅडम, तुमचा पिक्चर संपला असेल तर आम्ही आमचा बघतो!" पण मी कसली थांबते! तिच्या जन्मापासून बारावीपर्यंत सगळं बोलून टाकलं.

मध्यंतराला दिवे लागले. डोळे पुसायला तिनं स्कार्फ सोडला. मुलगी भलत्याचीच!

"अगं बाई! आधी सांगायचंस ना!"

"सॉरी काकू. अमरावतीची आहे मी. खराडीत जॉब, अनोळखी मुलींच्या खोलीत कॉट बेसिसवर राहते. तुम्ही बोलून राहिल्या होत्या, तर बरं वाटत होतं."

तिला समोसा खाऊ घातला आणि घरी पळाले. रेवा हॉलमध्ये बसलेली. मैत्रिणींनी आयत्या वेळी टांग दिली म्हणून अर्ध्या वाटेतून परतलेली.

"कुठे होतीस?"

"पिक्चरला."

"एकटी?" माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे ती बघत राहिली. मग जवळ येऊन बसली. "आई, काय झालंय? बोल ना माझ्याशी."

हेच ऐकायला माझे कान आसुसले होते! मी तोंड उघडलं. पण जे बोलायचं ते सगळं अमरावतीला सांगून झालेलं!

शेवटी म्हटलं, "दूध तापवलंस का?"