ओल्या डहाळ्या

देवळाच्या पायरीशी करपलेल्या डहाळ्यांचा ढीग पडला आहे. दुपारी डोंगराला वणवा लागला आणि आमच्या वाडीतली माणसं भरल्या ताटावरून उठून, जांभळीच्या ओल्या डहाळ्या तोडून धावली. बंब तालुक्याला असतो. तो पोचेपर्यंत विझवायला काही उरत नाही. म्हणून आग झोडपायची ती आम्हीच.

सगळ्यांत पुढे शेजारचे शांतारामकाका होते. त्यांच्या भुवया जळाल्या. माझी पाच वर्षांची आंब्याची कलमंही गेली.

"काका, पेटवलं कोणी?" मी विचारलं.

"मीच. गवत जाळल्याशिवाय पुढच्या वर्षी चांगलं येतं होय? वारा फिरला, त्याला मी काय करू?"

दरवर्षी हेच. आपल्याच हाताने लावायची आणि जिवावर उदार होऊन विझवायची! या माणसावर चिडावं तरी कसं? कुणाचाही गोठा पेटला तरी पहिला धावतो तो हाच. पण माझी कलमं?

काका घटाघटा पाणी प्यायले, त्यांनी तोंडावरची काजळी पुसली आणि उठता उठता ते सगळ्यांना म्हणाले, "उद्या पण या हां. वरचा तुकडा जाळायचा राहिलाय."