बर्फाच्या खणाखालची नळी

बर्फाच्या खणाखालची डिझेलची नळी मी बदलली नव्हती. बदलली असं दादाला सांगितलं होतं. पुढं वर्षभर मी राग काढला तो दुसऱ्यांवर. आजही ते आठवलं की आधी रागच येतो, लाज मागून येते.

होडी वडिलांची, वेसाव्याच्या किनाऱ्यावरची, शिडाची. ते गेल्यावर दादा नाखवा झाला आणि सत्तरच्या आसपास आम्ही तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलं. मी अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर, राहायलाही स्टेशनकडे. त्यामुळे होडीवरचं सगळं लोखंड माझ्या गळ्यात आणि हुकूम दादाचा, हे मला आत कुठंतरी सलायचं. इंजिन आलं तरी दादानं डोलकाठी आणि शीड काढलं नव्हतं.

"मोटरीला बैल कशाला जुंपतोस?" मी चिडवायचो.

"तुझी मोटर रुसली की बैलच लागंल," तो म्हणायचा.

त्या वर्षी टाकीपासून इंजिनापर्यंतची तांब्याची नळी बदलायची होती. ती काळवंडली होती, सांध्यांवर डिझेलचा घाम दिसायचा. दादानं नव्या नळीचं वेटोळं आणून ठेवलं. मला सुट्टी रविवारची. नारळी पुनवेआधीच्या रविवारी हत्यारं घेऊन गेलो, तर होडी रंगवून तयार. टाकीकडचा तुकडा बदलला, इंजिनाकडचाही बदलला. मधला लांब तुकडा मासे ठेवायच्या बर्फाच्या खणाखालून जायचा, आणि त्यावरच्या फळ्या वयनीनं, दादाच्या बायकोनं, निळ्या रंगानं चकचकीत करून ठेवलेल्या.

"मी येणार ते माहीत होतं ना? मग रंग कशाला लावलास?"

"पुनव तुझ्या रविवारसाठी थांबंल काय?" वयनी म्हणाली. "काढ फळ्या. मी परत रंगवीन."

मी शाळेत जात होतो तेव्हा ती लग्न होऊन आमच्या घरात आली. माझ्याशी ती अशीच सरळ बोलायची. त्या सरळपणाचाच मला त्या दिवशी राग आला. मी फळ्या काढल्या नाहीत. नवे तुकडे जुन्या नळीला जोडले, इंजिन सुरू केलं. झकास चाललं. उरलेलं वेटोळं पिशवीत घालून घरी नेलं आणि माळ्यावर टाकलं.

"सगळी बदललीस ना रे?" दादानं विचारलं.

"सगळी. आता होडीच नवी बांधून देऊ काय?"

ऐन हंगामात, वारा चढलेला असताना, इंजिन बंद पडलं. नळीला चीर गेली होती आणि तिथून ती हवा ओढत होती. दादा वाकून नळीतली हवा काढत होता. खलाशानं हँडल मारलं, इंजिन एकदम सुरू झालं, होडी एका बाजूला झुकली आणि दादाचा उजवा हात इंजिनाच्या पट्ट्यात गेला. शीड उभारून ते परत आले. ज्या शिडाला मी हसायचो, त्याच शिडावर.

किनाऱ्यावर गर्दी जमली होती. दादाचा हात फडक्यात गुंडाळलेला. काय झालं, असं सगळे फिटरला विचारत होते. फिटरला माहीत होतं.

"डिझेलमध्ये कचरा," मी म्हणालो. "घरी लुगड्याच्या फडक्यातून गाळतात ना, मग दुसरं काय होणार?"

आमच्याकडे डिझेल वयनी गाळायची.

"फडकं दुपदरी होतं भावजी," तिथंच उभी असलेली वयनी म्हणाली.

"मग कचरा काय बोंबलानं टाकला?"

लोक हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी एकट्यानंच फळ्या उचकटून मी चिरेवर कथलाचा डाग दिला; सांगताना मात्र फिल्टर साफ केला एवढंच सांगितलं. नवी नळी नेली असती तर कुणीतरी विचारलं असतं.

दादाची दोन बोटं परत वळली नाहीत. हातातून दोर निसटला की तो घरी येऊन म्हणायचा, "तुझ्या फडक्यानं माझा हात गेला." वयनी उत्तर देत नसे. ती होडीकडे जाईनाशी झाली. मला तिच्या गप्प राहण्याचाही राग यायचा. भांडली असती तर माझं बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी नारळी पुनवेला होडीची पूजा. आमच्यात ती नाखव्याच्या बायकोनं करायची. आदल्या रविवारी दादा मला म्हणाला, "यंदा तुझी बायको करंल पूजा. हिचा हात नको होडीला." वयनी समोर मासे कापत होती. तिचा कोयता थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"एका फडक्यावरून, दादा?" मी ओरडलो. "डोकं ठिकाणावर हाय काय?"

"तूच बोललास ना?" दादा म्हणाला.

मी तडक घरी गेलो आणि माळ्यावरचं वेटोळं घेऊन परत आलो. वयनी अजून माशांपाशीच होती. तिला सगळं सांगितलं. ती कोयता खाली टाकून उठली.

"हे मला कानात काय सांगतोस? बोललास कुठं?"

"किनाऱ्यावर."

"मग तिथं चल."

किनाऱ्यावर लोक होड्या रंगवत होते. मी बर्फाच्या खणावरच्या फळ्या काढल्या, डाग दिलेली नळी बाहेर ओढली आणि नव्या वेटोळ्याशेजारी वाळूत ठेवली. दादा होडीपाशीच होता, तो त्या जुन्या नळीकडे पाहत राहिला. हातातले ब्रश तसेच धरून माणसं जवळ आली. कुणी हसलं नाही.

"वयनी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तू गाळलेलं डिझेल स्वच्छ होतं. नळी मी बदलली नव्हती. दादाचा हात माझ्यामुळे गेला, आणि इथंच उभा राहून मी तुझं नाव घेतलं. माझं चुकलं. मला माफ कर."